अंगठा, पेटी आणि सहा दिवसांची मजुरी : पीएम विश्वकर्मा योजनेचा एका पायताणवालीचा अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. हातानं काम करणाऱ्या कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेला माझ्याकडून पाचपैकी तीन. कर्जाला चार, अवजारांच्या पेटीला अडीच, प्रशिक्षणाला दोन. सरासरी काढायला बसू नका, कर्जाचं वजन मी जास्त धरलंय. बाकीचं सावकाश वाचणाऱ्यांसाठी.

माझं सासर कागल तालुक्यात. घरात कोल्हापुरी पायताणांचं काम, सासऱ्यांच्या आज्यापासून. माहेर इचलकरंजीचं. माझ्या आजोबांनीही हेच काम केलं, पण एके वर्षी त्यांनी चामडं कापायची रापी खाली ठेवली ती ठेवलीच, आणि वडील यंत्रमागावर गेले. त्यामुळं मी बी. कॉम. झाले, मोबाइलच्या दुकानात काउंटरवर बसले, आणि लग्न होऊन परत चामड्यातच आले. २०२१ मध्ये ते मोबाइलचं दुकान बंद पडलं तेव्हा मामा (म्हणजे सासरे, आमच्याकडं असंच म्हणतात) म्हणाले, "घरात बसून काय करतीस, वेणी शिक." वेणी म्हणजे पायताणावरची चामड्याची गुंफण. तेव्हापासून शिकतेय. म्हणजे योजनेच्या भाषेत मी कारागीर आणि मामांच्या भाषेत अजून उमेदवार.

योजना १७ सप्टेंबर २०२३ ला, विश्वकर्मा जयंतीला सुरू झाली. पाच वर्षांसाठी १३,००० कोटींची तरतूद. अठरा धंदे धरलेत : सुतार, लोहार, कुंभार, सोनार, गवंडी, शिंपी, न्हावी, परीट, फुलांचे हार करणारे, मूर्तिकार, टोपल्या-झाडू करणारे, होड्या बांधणारे, मासेमारीची जाळी विणणारे, कुलपं करणारे, बाहुल्या-खेळणी करणारे, हत्यारं करणारे, हातोडे-अवजारं करणारे, आणि आम्ही, चर्मकार. नोंद झाली की ओळखपत्र आणि प्रमाणपत्र, मग पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, त्याचे रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत, आणि ५ टक्के व्याजानं कर्ज : पहिल्यांदा १ लाख, ते फेडत आलं की २ लाख. तारण नाही. कागदावर वाचताना मला खरंच भरून आलं होतं. मोबाइलच्या दुकानात मी लोकांना फोनचे हप्ते लावून द्यायचे, त्यामुळं ५ टक्के म्हणजे काय हे मला कळतं.

आता नोंदणी. ती सीएससी म्हणजे सरकारी ऑनलाइन कामांच्या केंद्रावर आधारच्या अंगठ्यानं होते आणि फुकट असते. हे फुकट मी मुद्दाम लिहितेय, कारण ज्या केंद्रावर आम्ही गेलो तिथल्या माणसानं आधी २०० रुपये सांगितले. मी योजनेचं पान फोनवर उघडून दाखवलं तेव्हा "प्रिंटचे द्या मग तीस" वर आला. तीस दिले. भांडत बसले असते तर त्या दिवशी सर्व्हर डाउन झाला असता, हे मोबाइलच्या दुकानात बसून शिकलेलं शहाणपण.

नाव कुणाचं घालायचं हा खरा प्रश्न होता. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. म्हणजे मामा-आत्ती (सासू) एक कुटुंब, आणि आम्ही दोघं दुसरं. यांनी, म्हणजे नवऱ्यानं, स्वतःच्या दुकानासाठी मुद्रा कर्ज घेतलेलं, हप्ते चालू होते. मुद्रा, स्वनिधी किंवा पीएमईजीपी अशा सरकारी योजनांतलं कर्ज गेल्या पाच वर्षांत घेतलेलं असेल तर नाव बसत नाही; मुद्रा-स्वनिधी पूर्ण फेडलेलं असेल तर बसतं. यांचं फिटायला वर्ष होतं. म्हणून आमच्या घरातून मी, आणि त्या घरातून मामा, असं ठरलं.

मामांचा अंगठा मशीननं घेतला नाही.

उजवा घेतला नाही, डावा घेतला नाही. केंद्रावरच्या पोरानं मामांची बोटं रुमालानं पुसली, मग ओल्या फडक्यानं पुसली, मग तर्जनी घे, मधलं घे. पन्नास वर्षं ओलं चामडं, बाभळीच्या सालीचं पाणी आणि रापीच्या पाठीवर दाबलेला अंगठा. त्यावर रेषा कशा राहणार? तिसऱ्या खेपेला मामा वैतागले. म्हणाले, "अंगठा काय बघतोयस लेकरा, हात बघ की." पोरगं हसलं, पण त्याच्या स्क्रीनवर हात बघायची सोय नव्हती. आधार अपडेट करून आणा, म्हणाला. माझा अंगठा पहिल्या झटक्यात लागला. तीन वर्षं काम केलेल्या बाईची नोंद झाली आणि तिनं ज्याच्याकडून काम शिकलं तो माणूस बाहेर बाकड्यावर बसून चहा पीत होता. मामांची नोंद नंतर झाली, पण त्यात सात महिने गेले, आधार केंद्राच्या चार चकरांसह. हात वापरून पोट भरणाऱ्यांसाठीची योजना आणि दारावरच बोटांचे ठसे. हे ज्यानं कुणी ठरवलं त्यानं कधी चामडं भिजवलेलं नसणार.

पुढं तीन पायऱ्यांची पडताळणी असते : आधी ग्रामपंचायत, मग जिल्ह्याची समिती, मग वरची छाननी समिती. ग्रामपंचायतीत सरपंचांच्या लॉगिनवरून पुढं ढकलावं लागतं. आमच्याकडं हे पटकन झालं, कारण गावात सगळ्यांना माहीत आहे कोण काय करतं. शहरात राहणाऱ्या माझ्या नणंदेला वॉर्डात कुणी ओळखतच नव्हतं, तिचा अर्ज बरेच दिवस तिथंच अडकला. गावात राहण्याचे काही फायदे असतात, त्यातला हा एक.

प्रशिक्षण सहा दिवसांचं झालं. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण माणसं वाईट नव्हती. आमच्या तुकडीत बावीसजण होते. त्यातले पंधरा-सोळा रस्त्याकडेला पेटी घेऊन बसणारे, बूट-चपला दुरुस्त करणारे. कोल्हापुरी करणारे आम्ही पाचजण. सर चांगले होते, तरुण होते, पादत्राणांचा कोर्स केलेले. पण त्यांचं शिक्षण मशीनवरच्या बुटाचं. चिकटवायचं, साच्यावर ओढायचं, मशीनवर शिवायचं. आमच्या पायताणात खिळा नाही आणि मशीनची शिवणही नाही, चामड्याच्याच वादीनं (बारीक पट्टीनं) शिवतात. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला रापी धरता येते?" बावीस हात वर गेले. सर जरा शांत झाले.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला म्हटलं, "मॅडम, तुम्ही वेणी करून दाखवता का सगळ्यांना?" मी पिशवीतून बकऱ्याच्या चामड्याचा भिजवलेला तुकडा काढला. आत्तीनं सकाळीच ओल्या फडक्यात गुंडाळून दिला होता, कारण कोरड्या चामड्याची वादी मधेच तुटते. पट्टी जमिनीवर ठेवायची, डाव्या अंगठ्यानं दाबायची आणि रापी स्वतःकडं न ओढता पुढं सरकवायची. वादी काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक हवी, आणि पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत सारखी. मग चार वाद्या पायाच्या अंगठ्यात अडकवून गुंफायला घ्यायच्या. केसांची वेणी सैल पडली तर परत घालता येते. ही वाळल्यावर आवळते, आणि एक वादी जरी जाड असेल तर ती वाळल्यावर वर उठून बसते, लंगडी दिसते. तेव्हा ओली असतानाच बोटाला कळावं लागतं की कुठली वादी उद्या दगा देणार. हे बोलून सांगता येत नाही. मी बोलून सांगायचा प्रयत्न केला, आणि शेजारी बसलेले एक आजोबा, चाळीस वर्षं स्टँडसमोर बसणारे, हळूच म्हणाले, "ताई, तिसरी जाड हाय." खरंच जाड होती.

त्या दिवशी जे शिकायला मिळालं ते मला आणि त्या आजोबांना एकमेकांकडून. ५०० रुपये रोज मिळतात ते या दिवसांचेच, तेव्हा वाया गेले म्हणणार नाही. बाकी दोन दिवस क्यूआर कोड, यूपीआय आणि ऑनलाइन विक्री यात गेले. त्यातलं मला नवीन काही नव्हतं, पण आजोबांनी पहिल्यांदा क्यूआर कोड काढून घेतला आणि तो पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. बाहेरून लावला तर पावसानं जाईल म्हणे. डिजिटल व्यवहाराला योजनेत दर व्यवहारामागं १ रुपया मिळतो, महिन्याला जास्तीत जास्त १०० व्यवहारांपर्यंत. म्हणजे महिन्याला शंभर रुपये. आजोबांनी हिशेब ऐकला आणि विचारलं, "आणि रोख दिले तर कापत्यात का?"

मजुरीबद्दल एक तक्रार आहे, आणि ती माझ्यापेक्षा त्यांचीच जास्त. सहा दिवस त्यांची पेटी बंद होती. ठरलेली गिऱ्हाइकं तोवर दुसऱ्या कोपऱ्यावर गेली. सहा दिवसांचे ३,००० रुपये हे ठीकच, पण ते खात्यावर आले चार महिन्यांनी. ज्याचं संध्याकाळचं पीठ दुपारच्या कामावर येतं त्याला चार महिन्यांनी दिलेली मजुरी ही मजुरी नव्हे, ते बक्षीस झालं.

पेटी पोस्टानं आली. पोस्टमननं अंगणात ठेवली तेव्हा शेजारच्या चार बायका गोळा झाल्या, हळदीकुंकवाला यावं तशा. हातोडा, पकड, कात्री, आऱ्या, आणखी बारीकसारीक. माल वाईट नाही. पण हा संच दुरुस्ती करणाऱ्याच्या हिशेबानं केलेला आहे. त्या स्टँडवरच्या आजोबांना तो सोन्यासारखा. आम्हाला लागते ती रुंद पात्याची रापी, वादी ओवायची आमच्या पद्धतीची आरी, आणि तळ ठोकायला जड, गुळगुळीत हातोडा, ज्याच्या कडेचा वळ चामड्यावर उमटणार नाही. हे सगळं कोल्हापुरात लोहार करून देतो. तोही अठरांतलाच एक! माझं म्हणणं एवढंच की पंधरा हजारांतले निम्मे तरी मला माझ्या लोहाराकडं घेऊन जाता यायला हवे होते. पेटीतली कात्री मात्र आत्तीनं उचलली ती परत दिली नाही. पट्ट्याच्या कडा त्या कात्रीनंच कापते.

कर्ज हा या योजनेतला सगळ्यात चांगला भाग, आणि मिळवायला सगळ्यात अवघड. ज्या बँकेच्या शाखेत अर्ज गेला तिथं पहिल्या भेटीत साहेबांनी वर न बघता विचारलं, "चपला तुम्ही स्वतः करता? की मिस्टर?" मी बोटं दाखवली. मग जामीनदार आणा म्हणाले. या कर्जाला तारण लागत नाही, हमी सरकारच्या पत-हमी निधीतून असते, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. पाच चकरा. पाचव्या चकरेला साहेब बदलले होते, नवीन बाई होत्या. त्यांनी पंधरा मिनिटांत फाइल पुढं सरकवली आणि जाताना विचारलं, "सहा नंबरची मिळेल का, कापशी?" कापशी हा कोल्हापुरीचाच एक प्रकार. मिळेल म्हटलं. पैसे देऊन नेली, हे लिहायलाच हवं.

१ लाख रुपये, १८ महिने, ५ टक्के. हप्ता ५,७७८ रुपयांच्या आसपास बसतो. या पैशांचं आम्ही एकच केलं : चामडं एकदम घेतलं. तळाला म्हशीचं, वेणीला बकऱ्याचं. आधी आम्ही व्यापाऱ्याकडून उधारीवर थोडं थोडं उचलायचो, आणि उधारीवाल्याला जे उरेल ते मिळतं : पोटाकडचा सैल भाग, डागाचा भाग. रोख घेऊन गेल्यावर व्यापाऱ्यानं चहा मागवला आणि मामांनी पाठीचं चामडं निवडून घेतलं. एकेक पट्टी कानाजवळ नेऊन वाकवून बघत होते. घट्ट चामडं वाकवताना वेगळं वाजतं, म्हणतात. मला अजून ऐकू येत नाही. पण त्या लॉटमधली पायताणं परत आली नाहीत, एकही नाही. ५ टक्क्यांचा खरा फायदा व्याजात कमी आणि या पाठीच्या चामड्यात जास्त.

आता माझी चूक, दुसऱ्या कुणी करू नये म्हणून. कर्ज मे महिन्याच्या शेवटी उचललं. जूनपासून हप्ते. आणि आमचं काम म्हणजे ऊन. तळ भिजवून, ठोकून, शिवून वाळवावे लागतात. पावसाळ्यात ते वाळत नाहीत, बुरशी धरते. शिवाय पावसात कोल्हापुरी कोण घालतं? जून ते सप्टेंबर हात रिकामे, आणि बँकेचा मेसेज दर महिन्याला वेळेवर. चार हप्ते यांच्या दुकानातून आणि माझ्या एका पाटलीतून गेले. पाटली दिवाळीला सोडवली. तेव्हा पायताणवाल्यांनो, कर्ज गणपती झाल्यावर उचला. योजना करणाऱ्यांना कुंभाराचा आणि आमचा पावसाळा लक्षात घेऊन चार महिने हप्ता नाही, असं करता आलं असतं. दुसरं कर्ज २ लाखांचं असतं, ३० महिन्यांचं, हप्ता ७,१०० च्या थोडा वर. ते मी ऑक्टोबरलाच घेणार.

त्याच पावसाळ्याच्या तोंडावर, जून २०२५ मध्ये, मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं आमच्यासारखी पायताणं मंचावर आणली आणि गदारोळ झाला. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पुढं कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा इथली. आम्हाला त्याचा फायदा इतकाच की पुण्या-मुंबईची माणसं फोन करून "तीच का ती?" विचारायला लागली. मामा म्हणायचे, "ती न्हाई. ही."

कुणी म्हणेल, कर्ज आणि पेटी मिळाली, आणखी काय हवं? सांगते.

आमच्याकडं एक मुलगा यायचा. विशीचा, शेजारच्या गावचा, घरात कुणी चामड्याचं काम केलेलं नाही, शेतमजूर आई-वडील. कुठंतरी व्हिडिओ बघून आला आणि मामांना म्हणाला शिकवा. असं स्वतःहून येणारं पोर मामांनी पंधरा वर्षांत बघितलं नव्हतं. आमच्याच नात्यातली पोरं पंचतारांकित एमआयडीसीत जातात, आणि बरोबर करतात, तिथं महिन्याला पगार असतो. मी या मुलासाठी योजना चाळली. तो अठरा वर्षांच्या वर आहे, पण नोंदणीच्या दिवशी तुम्ही त्या धंद्यात असावं लागतं, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या हिमतीवर. ज्याला काम येतं त्याला शिकवायचे रोज ५०० रुपये आहेत. ज्याला येत नाही आणि शिकायचंय त्याच्यासाठी या अठरा धंद्यांच्या यादीत दारच नाही. मामांना शिकवल्याबद्दलही काही नाही.

मग बाकीच्या योजना बघितल्या. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयाला, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. म्हणजे १ लाख २० हजार, आणि फेडायचे नाहीत. बघून मी उडालेच. शास्त्रीय संगीत, नृत्य, नाटक, चित्र, शिल्प, लोककला. दृश्यकलेत मातीची भांडी आणि सिरॅमिक्ससुद्धा धरलंय. पायताण कुठं बसवायचं ते मला सापडलं नाही. पायात घालायची वस्तू असल्यामुळं असेल. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडं गुरू-शिष्य पद्धतीचं प्रशिक्षणही आहे, त्यात शिकवणाऱ्यालाही मानधन आणि शिकणाऱ्यालाही रोजचे पैसे. कल्पना म्हणून मला हीच सगळ्यांत पटते. पण त्याला पूर्ण तुकडी लागते, आणि आमच्याकडं होता एक मुलगा.

पुरस्कारांचं तर विचारूच नका. शिल्पगुरू, राष्ट्रीय हस्तशिल्प पुरस्कार, मोठी नावं आहेत, आणि ज्यांना मिळतात त्यांचं काम बघून मान खाली जाते. पण ते हात तयार झाल्यावरचे पुरस्कार. आणि वेळेचं म्हणाल तर २०१७, २०१८ आणि २०१९ या तीन वर्षांचे एकदम नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीत दिले गेले. आमच्या भावकीत एकानं फॉर्म भरावा असं घाटत होतं. मामा म्हणाले, "शाल मिळंल तवर मी शालीतच गुंडाळलेला असंन." घरात असं बोलायचं नसतं, आत्ती रागावली.

यादीबद्दलही एक रडगाणं आहे. विणकर अठरात नाही. त्यांच्यासाठी वस्त्रोद्योग खात्याच्या वेगळ्या योजना आहेत, समजू शकते. तांबट नाही. पुण्याच्या तांबट आळीतला माणूस तांब्यावर मठारकाम (ठोके मारून केलेलं काम) करतो, त्यानं लोहार म्हणून नाव घालायचं का? आणि मिरजेचे सतारमेकर! २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मानांकन मिळालं, माझ्या सासरपासून एसटीनं दोन-अडीच तासांवर, पण वाद्यं करणारा या यादीत नाही. भोपळा कोरून तंबोरा करणाऱ्यानं स्वतःला सुतार लिहावं लागणार. योजनेचा पहिल्या वर्षपूर्तीचा मोठा कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ ला आपल्याच वर्ध्यात झाला. तेव्हा मला वाटलं होतं की यादी वाढवतील.

असो. त्या मुलाचं पुढं काय झालं, तर माझे प्रशिक्षणाचे ३,००० रुपये चार महिन्यांनी आले ते मी खर्चले नाहीत. दर रविवारी ५०० प्रमाणे त्याला दिले. सहा रविवार. रविवारी शेतावर गेला असता तर त्याला जवळपास तेवढेच मिळाले असते, म्हणून तो निवांत बसू शकला. पहिले दोन रविवार मामांनी त्याला फक्त चामडं भिजवायला आणि ठोकायला लावलं. तिसऱ्याला वादी काढायला दिली आणि त्यानं काढलेल्या सगळ्या वाद्या संध्याकाळी केराच्या पाटीत. पाचव्या रविवारी त्याची पहिली वेणी झाली, लंगडी. मामांनी उकलून परत दिली. सहाव्या रविवारी पैसे संपले. सातव्याला तो आला, आठव्यालाही आला, मग त्याला एमआयडीसीत रात्रपाळी लागली. आता साप्ताहिक सुट्टी रविवारी पडली तर येतो. त्याच्या नावाची रापी भिंतीवर आहे, मामा ती दुसऱ्या कुणाला लावू देत नाहीत.

सहा दिवसांऐवजी सहा महिने, आणि केंद्राऐवजी कारागिराच्या ओट्यावर, असे पैसे दिले असते तर मी पाच दिले असते. पण कर्ज म्हणून योजना घ्याच. माझ्याआधी उधारीत अडकलेले आमच्या गल्लीत सहाजण आहेत, तिघांना मी स्वतः फॉर्म भरायला नेलंय. मूळ रेशनकार्ड, आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर आणि बँक पासबुक न्या. ज्याचं नाव घालायचं त्याचं मुद्रा चालू आहे का ते आधी विचारा, नाहीतर तिथं काउंटरवर कळतं आणि भांडण होतं. प्रशिक्षणाला जाताना चामडं स्वतःचं न्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची नोंदणी करायची असेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नव्यानं देऊन या, आणि जायच्या आधी चार दिवस त्यांना कामाला बसू देऊ नका. तेवढ्यात थोड्या रेषा वर येतात, हा आमचा अनुभव.

गेल्या महिन्यात मी रेशन आणायला गेले होते. मशीननं माझा उजवा अंगठा दोनदा नाकारला. दुकानदार म्हणाला, "वहिनी, दुसरं बोट लावा."